एक शब्द, तीन हुक

गाडीच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला लोखंडाचं जे काही वाकडं, भोक असलेलं दिसेल, त्याला आपण ‘हुक’ म्हणतो. मराठीत हुक, उर्दूत हुक आणि गॅरेजमधल्या नागपुरी हिंदीतही हुकच. एका शब्दाला तीन-चार अर्थ असणं ही भाषा शिकवणाऱ्याला एरवी आवडणारी गोष्ट आहे. मुलांना त्यातून म्हणी शिकवता येतात, कोट्या समजावता येतात. पण जुन्या फोर-व्हील गाड्यांच्या बाबतीत हा एकच शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंना झाकतो. त्यातल्या दोन वस्तूंकडून तिसरीचं काम करून घेतलं, तर जवळ उभा असलेला माणूस जीवानिशी जाऊ शकतो.

पहिला हुक बांधायचा. गाडी कारखान्यातून ट्रकवर, रेल्वेवर किंवा जहाजावर चढवली की ती हलू नये म्हणून खाली आवळून ठेवण्यासाठी ही कडी असते. तिच्यावर ताण येतो तो खालच्या दिशेने आणि स्थिर. दुसरा हुक टोचनचा. बंद पडलेली गाडी सपाट डांबरी रस्त्यावरून, चाकं मोकळी फिरत असताना गॅरेजपर्यंत न्यायची असते, त्यासाठी तो पुरेसा असतो. तिसरा हुक काढायचा. चिखलात, वाळूत किंवा नाल्याच्या काठावर फसलेली गाडी झटका देऊन किंवा विंचने ओढून बाहेर काढण्यासाठी तो असतो. इंग्रजीत या तिघांना तीन वेगळी नावं आहेत. आपल्याकडे एकच नाव आहे, म्हणून फसलेल्या गाडीपाशी वाकलेला पोरगा जे हाताला लागेल त्यात दोर अडकवतो. त्याची चूक नाही. ‘हुकात अडकव’ एवढंच त्याला सांगितलेलं असतं.

आपल्या भागात हा विषय हौशी लोकांपुरता नाही. विदर्भातली काळी कापसाची जमीन पाणी पिऊन फुगते आणि चाकाला धरून ठेवते. आषाढ-श्रावणात कुठल्याही पांदण रस्त्यावर जा, बोलेरो किंवा जुनी कमांडर जीप फसलेली आणि समोर ट्रॅक्टर साखळी घेऊन उभा, हे चित्र दिसतंच. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला इथे पर्यटकांना जंगल दाखवणाऱ्या जिप्सी वर्षानुवर्षं कच्च्या वाटांवर धावतात. शहरही यातून सुटलेलं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर गाळात रुतलेल्या गाड्या ओढून काढणं हे त्या दिवसांतलं एक मोठं काम होतं.

या कामाला जुन्या गाड्याच लागतात. १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर विलिस जीप जोडायला घेतल्या. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं, पण जीप इथेच राहिली. तिच्या वंशातल्या गाड्या आजही वऱ्हाडापासून गोंदियापर्यंत धावतात. जबलपूरच्या लष्करी कारखान्यातल्या जोंगा लिलावातून लोकांच्या हाती आल्या. १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी २०१९ पासून सामान्य ग्राहकाला नवी मिळत नाही, म्हणून जुनीच दुरुस्त करून चालवली जाते. शिवाय हरयाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी नव्याने बांधलेल्या जीपही मोठ्या हौसेने इकडे येतात. त्यांच्या बंपरवर लाल रंगाचे दोन टपोरे शॅकल लटकलेले असतात. बंपर पातळ पत्र्याचा, आत काही आधार नाही. हे शॅकल दागिन्यासारखे आहेत, त्यांना ओढायला लावू नये.

ताण किती येतो?

‘एवढीशी जीप, तिला ओढायला कितीसा जोर लागणार?’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. फसलेली वाहनं काढताना लष्करात वापरला जाणारा एक सोपा आडाखा आहे. चाक मध्यापर्यंत रुतलं असेल तर चिखलाचा विरोध गाडीच्या वजनाएवढा धरायचा. मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. त्याहून वर, पार बॉडीपर्यंत गेली तर तिप्पट. माणसं आणि सामान धरून जीपचं वजन दीड टन असेल आणि ती मडगार्डपर्यंत बसली असेल, तर तीन टनांचा ताण हा हिशेबाचा आरंभ झाला. हा सावकाश ओढण्याचा ताण. ट्रॅक्टरने मागे येऊन झटका दिला, तर तो याच्याही वर जातो.

आता दुसरा हिशेब पाहा. ताणलेला दोर धनुष्याच्या दोरीसारखा असतो, त्यात ऊर्जा साठते. दोरावर पाच टनांचा ताण असेल आणि तो दीड मीटर लांबला असेल, तर त्यात साधारण ३७,५०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. अशा वेळी हुक उपटला किंवा वेल्डिंग सुटलं आणि त्या ऊर्जेतले फक्त १,००० ज्यूल एक किलोच्या लोखंडी तुकड्याला मिळाले, तर तो तुकडा ताशी १६० किलोमीटरच्या वेगाने सुटतो. बाकीच्या ३६,५०० ज्यूलचं काय, हा प्रश्न उरतोच. तो तुकडा दोराच्या रेषेत जातो, आणि त्या रेषेत ओढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, फसलेल्या गाडीची काच आणि तमाशा पाहायला जमलेलं अर्धं गाव असतं. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर अडकवल्यामुळे तो गोळा तुटून माणसं मेल्याच्या घटना ऑस्ट्रेलियात घडल्या आहेत आणि तिथे त्याबद्दल सतत इशारे दिले जातात. आपल्याकडे असं काही झालं की ‘दोर तुटला’ एवढीच बातमी होते. दोर का तुटला, कशाला बांधला होता, हे कुणी विचारत नाही.

दोरापाशी कोण असतं?

गाडीचा मालक दोर लावायला वाकत नाही. बहुतेक वेळा उस्तादही वाकत नाही. वाकतो तो शागिर्द, ज्याला सगळे ‘छोटू’ म्हणतात. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमानांचा सहभाग मोठा असलेल्या व्यवसायांत वाहनदुरुस्तीचा उल्लेख आहे. त्यासाठी अहवालच हवा असं नाही, मोमिनपुरा किंवा कामठीत सकाळी एक चक्कर मारली तरी कळतं. उर्दू शाळेतल्या शिक्षकाला हे आणखी जवळून दिसतं. दहावीच्या निकालानंतर वर्गातली काही मुलं कॉलेजात जातात, काही गायब होतात आणि मग एखाद्या दिवशी ग्रीसने माखलेल्या हाताने सलाम करतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवण्यावर बंदी आहे आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामाला लावता येत नाही. कायद्याची धोकादायक कामांची यादी काहीही म्हणो, टनांचा ताण घेतलेल्या दोरापाशी पोराला उभं करणं धोक्याचं नाही असं कोण म्हणेल?

म्हणून गाडीला सुरक्षित हुक लावण्याचा प्रश्न मला मोटारीचा कमी आणि माणसाचा जास्त वाटतो. हुक नीट असेल तर छोटू संध्याकाळी घरी जातो.

हुक लावायचा कसा?

पहिली गोष्ट, हुक चेसिसला लागतो. बंपरला नाही, मडगार्डला नाही, आणि बंपर ज्या छोट्या ब्रॅकेटवर बसतो त्यालाही नाही. जुन्या जीपची चेसिस म्हणजे दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. पुढच्या टोकाला हे रेल बरेचदा उघड्या ‘सी’ आकाराच्या पट्टीचे असतात. आधी तिथला चिखल आणि रंग खरवडून हातोडीने ठोकून पाहावं. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले, तर लोखंड आतून गंजलेलं आहे. अशा रेलवर कितीही मजबूत हुक लावला तरी तो रेलसकट येईल. त्या ठिकाणी आधी चेसिसचं काम करावं लागतं, मग हुकाचं.

दुसरी गोष्ट, शक्य तिथे बोल्ट वापरावा. चांगलं वेल्डिंग वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. पण वेल्डिंग आत किती शिरलं ते बाहेरून दिसत नाही. त्याच्या कडेचं लोखंड तापून-निवून बदललेलं असतं आणि बारीक तडा रंगाखाली वर्षभर लपून राहतो. बोल्ट मात्र पाना लावून तपासता येतो, काढून बदलता येतो. इमारतीच्या सळईचा तुकडा वाकवून बंपरला चिकटवलेली कडी तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. आपल्या रस्त्यांवर ती सगळ्यात जास्त दिसते.

तिसरी गोष्ट, बोल्टचा दर्जा. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. १२ मिलिमीटरचा ८.८ चा बोल्ट सरळ ताणात साधारण पावणेसात टनांवर तुटतो आणि आडव्या कापात सुमारे चार टनांवर. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा, डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट त्याच्या निम्म्यापर्यंतच टिकेल असं धरून चालावं. भंगारातून उचललेला, आधी एकदा ताण खाल्लेला बोल्ट तर या कामाला वापरूच नये. हुकाची प्लेट रेलच्या उभ्या बाजूला अशी बसवावी की ओढ रेलच्या लांबीच्या दिशेने येईल आणि ताण दोन-तीन बोल्टांत वाटला जाईल. तुटण्याचा आकडा म्हणजे वापरायचा आकडा नव्हे. दोघांत किमान दुपटीचं अंतर हवं.

चौथी गोष्ट, आधार. जुन्या रेलचा पत्रा साधारण तीन मिलिमीटरचा असतो. नुसत्या वॉशरवर बोल्ट आवळला तर ताणाखाली तो पत्र्याला फाडून बाहेर येतो. आतल्या बाजूने सहा मिलिमीटरची प्लेट लावली की ताण पसरतो. रेल चौकोनी, बंद पेटीसारखा असेल तर आत बोल्टभोवती नळीचा तुकडा घालावा, नाहीतर आवळताना रेलच चेपतो. भोक ड्रिलने पाडावं, गॅस कटरने नाही. ते रेलच्या काठापासून बोल्टच्या जाडीच्या किमान दुप्पट अंतरावर असावं आणि वरच्या-खालच्या आडव्या कडांवर नसावं. भोकाच्या कडेला गंजरोधक रंग लावावा, लॉकनट वापरावा आणि १२ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला टॉर्क रेंचने साधारण ८० न्यूटन-मीटर द्यावा. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्या उस्तादाच्या हाताबद्दल पूर्ण आदर आहे, पण हात सकाळी एक सांगतो आणि संध्याकाळी दुसरं.

पाचवी गोष्ट, हुक दोन असावेत, डाव्या आणि उजव्या रेलला एकेक. जुनी चेसिस एकाच बाजूने ओढली तर ती तिरकी होऊ शकते. दोन्ही हुकांना पट्टा लावून मधून ओढलं तर ताण वाटला जातो, पण पट्टा लांब हवा. पट्ट्याच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक हुकावर ओढीच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. पट्टा आखूड पडून कोन १२० अंश झाला, तर प्रत्येक हुकावर पूर्ण १०० टक्के येतो आणि दोन हुकांचा फायदाच संपतो. नववीच्या मुलाला समांतरभुज चौकोन काढून हे दाखवता येतं.

शॅकलही तसाच पाहून घ्यावा. त्याच्यावर किती टनांपर्यंत काम करायचं तो आकडा उठवलेला असतो. आकडा नसलेला शॅकल दागिन्यांच्या डब्यात ठेवावा.

वापरताना

आधी फावडं, मग दोर. चाकांपुढची माती काढली आणि टायरची थोडी हवा कमी केली की वर सांगितलेला दुपटीचा ताण बराच उतरतो. एक्सलला किंवा पाट्यांच्या बोल्टला दोर गुंडाळू नये, ब्रेकची नळी तिथूनच जाते. दोराच्या मध्यावर ओलं बारदान टाकावं, म्हणजे तुटला तरी उसळी कमी होते. दोर लावून झाला की माणसं बाजूला, दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर जावीत, आणि दोराच्या रेषेत कुणीही उभं राहू नये. व्हिडिओ काढणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

‘आजवर काही झालं नाही’

यावरचं ठरलेलं उत्तर असं की वीस वर्षं असंच चाललंय, काही झालं नाही. लोखंड मात्र प्रत्येक झटक्याचा हिशेब ठेवतं. आज गाडी निघाली म्हणजे कडी मजबूत आहे असं सिद्ध होत नाही, ती आजच्यापुरती तुटली नाही एवढंच कळतं. तडा एकदा सुरू झाला की प्रत्येक वेळी थोडा पुढे सरकतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. ज्या जीपवर एलईडीची पट्टी, चार भोंगे आणि रुंद टायर लागतात, तिच्या मालकाने हा आक्षेप घेऊ नये. पण ज्याची जीप पोटासाठी चालते, त्याचं म्हणणं खरं आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. त्याला बाजारातला महागडा आयात केलेला हुक घ्यायची गरज नाही. योग्य जाडीची प्लेट, नीट पाडलेली भोकं आणि आकडा असलेले बोल्ट हे काम इथल्याच लेथवर होतं. फक्त ते हिशेबाने व्हायला हवं.

तिसरा प्रश्न कायद्याचा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, कारण ते पादचाऱ्याच्या जीवावर उठतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. त्यामुळे सुरक्षेच्या नावाखाली पुढे हातभर लोखंड काढणं हे उत्तर होऊ शकत नाही. चांगला हुक बंपरच्या रेषेच्या आत बसतो, तो मिरवत नाही.

तवक्कुल आणि दोरी

गॅरेजात ‘अल्लाह मालिक है’ म्हणून झटका दिला जातो, म्हणून हे सांगतो. तिर्मिज़ीमधली उंटाची हदीस आपल्या सगळ्यांना माहीत आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी बांधायला सांगितलं, भरवसा त्यानंतर. आपल्या फ़िक़्हच्या ग्रंथांत कारागिराच्या जबाबदारीवर मोठी चर्चा आहे. रंगाऱ्याकडे दिलेलं कापड बिघडलं तर भरपाई कुणी द्यायची, इथपर्यंत फ़क़ीहांनी विचार केला आणि हज़रत अली (रज़ि.) यांनी कारागिरांना जबाबदार धरल्याचं त्यात नमूद आहे. कापडाच्या तुकड्यासाठी एवढा विचार करणारी परंपरा ज्यांची आहे, त्यांनी वेल्डिंगचा ठिपका टाकताना क्षणभर थांबायला काय हरकत आहे? ग्राहकाची गाडी अमानत आहे, आणि दोराजवळ उभा असलेला शागिर्द त्याहून मोठी अमानत आहे.

माझी सूचना साधी आहे. नागपुरात अंजुमनचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पॉलिटेक्निकं आहेत, आयटीआय आहे. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत धातू ताणून तोडून पाहण्याचं यंत्र असतं. पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारी शहरातल्या उस्तादांना शागिर्दांसह तिथे मानाने बोलवावं. त्यांनीच बनवलेली सळईची कडी, किलोवरचा बोल्ट आणि ८.८ चा बोल्ट एकामागून एक यंत्रात लावावेत. कोणता किती टनांवर तुटला ते त्यांनी स्वतः पाहावं. भाषण नको, बॅनर नको. ज्यांनी आयुष्यभर हाताने काम केलं, त्यांना तुटण्याचा आवाज माझ्या लेखापेक्षा लवकर समजेल. त्यानंतर योग्य हुक कसा बसवायचा हे इतरांना शिकवायलाही तेच सगळ्यात लायक असतील.

तोवर शब्दांपासून सुरुवात करू. वर्गात मी मुलांना सांगतो की ज्या गोष्टीला वेगळं नाव नाही ती डोळ्यांना वेगळी दिसत नाही. बांधायचा हुक, टोचनचा हुक आणि काढायचा हुक, ही तीन नावं गॅरेजात रुळू द्या. पुढच्या वेळी कुणी ‘हुकात अडकव’ म्हणालं, तर छोटूने दोर हातात धरून विचारावं: उस्ताद, कोणत्या हुकात? आणि उस्तादाने रागावू नये.